ओपन सेशन इन व्ह्यू चालू ठेवावे की बंद करावे?

शाहूपुरीकर (धागाकर्ता):
मार्केट यार्डातील एका गूळ अडत्यासाठी आम्ही स्प्रिंग बूट (जावात वेब-प्रणाली लिहिण्याची चौकट) आणि हायबरनेट (डेटाबेसमधील नोंदी जावाच्या ऑब्जेक्टमध्ये आणणारे साधन) यांवर पट्ट्यांची, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदांची, प्रणाली लिहिली आहे. ओपन-इन-व्ह्यू म्हणजे पान तयार होईपर्यंत हायबरनेटचे सेशन (डेटाबेसशी चालू असलेले काम) उघडे ठेवणारी सोय. मी ती बंद केल्यावर पट्टी डिटॅच्ड, म्हणजे सेशनपासून तुटलेल्या, अवस्थेत टेम्पलेटपर्यंत (पानाच्या साच्यापर्यंत) पोहोचू लागली आणि रव्यांच्या वजनाच्या ओळी मागताच लेझीइनिशिअलायझेशनएक्सेप्शन आले (गरज पडेल तेव्हाच आणायच्या ओळी सेशन बंद झाल्यावर मागितल्या की येणारी चूक). सहकाऱ्याने सेटिंग पुन्हा चालू करून पान दुरुस्त झाल्याचे जाहीर केले. माझ्या मते त्याने दुखणे फक्त झाकले. एका पानावर ५० पट्ट्या असल्या की यादीची एक आणि प्रत्येक पट्टीच्या ओळींची एक, अशा ५१ क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा) जातात. शिवाय एकदा घेतलेले कनेक्शन पान पूर्ण तयार होईपर्यंत सुटत नाही, आणि हिकारी पूलमध्ये (डेटाबेसची कनेक्शन तयार ठेवणाऱ्या साठ्यात) मुळात १० च कनेक्शन असतात. पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यांना सगळे काउंटर एकदम चालू झाले की काय होईल, ते सांगायला नको. स्प्रिंग बूट २.० पासून ही सोय चालू असल्याची ताकीद लॉगमध्ये येते, ती उगाच नव्हे.

उद्यमनगरचा प्रोग्रामर:
काउंटर पाच आणि पूल दहाचा. मग एवढी धास्ती कशाची? ५१ क्वेरींचा दोष ओपन-इन-व्ह्यूच्या माथी मारणेही चुकीचे आहे, कारण सर्व्हिसमध्येच (पानामागच्या कोडमध्ये) लूप लावून ओळी वाचल्या तरी तेवढ्याच क्वेरी जातील. ओळींच्या कलेक्शनवर बॅचसाइज (एका क्वेरीत किती पट्ट्यांच्या ओळी आणायच्या तो आकडा) २५ ठेवा, म्हणजे यादीची एक आणि ओळींच्या दोन अशा तीन क्वेरींत काम भागते. प्रत्येक पानासाठी वेगळा डीटीओ (फक्त त्या पानाला लागणारी माहिती नेणारा ऑब्जेक्ट) लिहीत बसण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते.

रंकाळाकाठ:
धागाकर्त्याचा पुढचा मोह जॉइन फेचचा (पट्ट्या आणि ओळी एकाच क्वेरीत आणण्याचा) असेल, म्हणून आधीच सांगतो: ओळींच्या कलेक्शनवर जॉइन फेच करून त्यावर पेजिंग (एका वेळी एका पानापुरत्याच पट्ट्या आणणे) लावले, तर हायबरनेट सगळ्या पट्ट्या मेमरीत ओढून तेथे पाने पाडते आणि लॉगमध्ये जेमतेम एक इशारा देऊन मोकळे होते. त्याऐवजी पानापुरते आयडी आधी आणावेत आणि त्यांच्याच ओळी दुसऱ्या क्वेरीत भराव्यात. ट्रान्झॅक्शनबाहेरही (डेटाबेसचा व्यवहार संपल्यावरही) लेझी लोडिंग, म्हणजे गरज पडेल तेव्हाच ओळी आणणे, चालू देणारी हायबरनेटची सेटिंग मात्र कोणीही सुचवू नये; ती दर वेळी तात्पुरते सेशन उघडते, आणि हा उपाय मूळ रोगाहून वाईट आहे.

शाहूपुरीकर:
बॅचसाइजचा मुद्दा मान्य. तो आजच लावतो. तरीही सेटिंग बंदच हवी, या मतावर मी ठाम आहे. रात्रीचा हिशेब करणारा जॉब याच सर्व्हिसकडून पट्ट्या घेतो, आणि त्याच्यामागे वेब रिक्वेस्ट नसल्याने ओपन-इन-व्ह्यू त्याला उपयोगी पडत नाही. दिवसा बिनतक्रार चालणारा कोड परवा रात्री नेमका त्याच एक्सेप्शनने थांबला आणि सकाळी अडत्याचा फोन आला.

उद्यमनगरचा प्रोग्रामर:
जॉबचे ट्रान्झॅक्शन जॉबमध्येच उघडा की! त्यासाठी पानांना का शिक्षा?