600 मुलं मोजली म्हणजे प्रयोग होत नाही

टिळकवाडीकर
काल इथं पोस्ट पडली: ‘बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या 20 शाळांतल्या 600 मुलांवर प्रयोग केला. मराठी माध्यमातल्या मुलांचा आत्मविश्वास कन्नड माध्यमापेक्षा कमी, सिद्ध झालं.’ कसला प्रयोग? कुठलं पोर कुठल्या माध्यमात जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं काय? ते आईबापांनी ठरवलं. त्यामागं घरची भाषा, मिळकत, शाळेचं अंतर सगळं आलं. आणि 600 ची मिजास कशाला? एका वर्गातली 30 मुलं एकाच बाईंच्या हाताखालची, उत्तरं एकमेकांसारखीच येणार. वर्गातलं साम्य (0 म्हणजे काहीच नाही, 1 म्हणजे सगळ्यांचं उत्तर एकच) नुसतं 0.1 धरा. एक पोर आणि त्याच्या वर्गातली बाकीची 29: 1 + 29 × 0.1 = 3.9. त्यानं 600 ला भागा. सुट्ट्या निवडलेल्या 154 मुलांइतकीच माहिती हातात.

निपाणीवाला
पोस्ट माझीच. शाळेत पोरं चिठ्ठ्यांनी वाटता येत नाहीत, म्हणून अभ्यासच करू नये? अमेरिकेतल्या मिलग्रॅमनं 1963 मध्ये छापलेल्या प्रयोगात 40 पुरुष, तेही जाहिरात वाचून आलेले. हुकूम मिळाला की ‘शिकणाऱ्या’ माणसाला विजेचा झटका द्यायचा, झटके खोटे, पण त्यांना ते ठाऊक नाही. 26 जण शेवटच्या 450 व्होल्टपर्यंत गेले. ते जगभर शिकवतात, आमच्या 20 शाळा तेवढ्या चालत नाहीत!

टिळकवाडीकर
त्या 40 जणांवरून अमेरिकेचा टक्का काढायचा नसतो. त्यानं पुढं परिस्थिती स्वतः बदलून बघितली: शिकणारा त्याच खोलीत बसवला तर 65 टक्क्यांचे 40 झाले. कारण शोधायचं तर गटांत वाटणी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी लागते, टक्का सांगायचा तर निवड यादृच्छिक लागते. तुमच्याकडं वाटणी नाही, आणि शाळा ओळखीच्या मुख्याध्यापकांच्या.

शहापूरची
दोघंही थांबा. मोजलंत कशानं? इंग्रजी प्रश्नावलीचं कन्नड, कन्नडावरून मराठी. आपल्या नशिबी कायम हेच. ‘मला चारचौघांत बोलायला संकोच वाटत नाही’ याला ‘असहमत’ म्हणजे नकारावर नकार, आठवीतलं पोर तिथंच अडकतं. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, मूळ न बघितलेल्या तिसऱ्यानं ते उलट इंग्रजीत न्यायचं, मग 10-15 मुलांना ‘तुला काय कळलं?’ विचारायचं. एवढं केलंत?

खानापूर_घाट
माध्यमाचं सोडा, भाषेबद्दलचं मत मोजायला कॅनडातल्या माँट्रियलची रीत घ्या की. लॅम्बर्ट आणि मंडळी, 1960. एकच दुभाषी माणूस तोच उतारा इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये वाचतो, ऐकणाऱ्याला वाटतं माणसं दोन. ऐकणाऱ्यांतल्या फ्रेंच भाषिकांनीही बऱ्याच गुणांत इंग्रजी आवाजालाच वरचढ ठरवलं. इथं माणूस तोच, भाषा तेवढी आपण बदलली. हा प्रयोग.

निपाणीवाला
इथं? दोन शब्दांत कळतंय, कन्नड बोलणारा घरचा मराठी हाय म्हणून.

खानापूर_घाट
म्हणून आधी निव्वळ आवाज तपासून घ्यायचे: दहा कन्नड घरांतल्या लोकांना ऐकवा, शंका आली की तो वाचणारा बाद. उतारा शेतीचा नाहीतर पावसाचा, राजकारण नको. एकाच माणसाचे दोन आवाज लागोपाठ नकोत, मध्ये दुसऱ्यांचे भरा. शेवटी ‘किती माणसं बोलली?’ विचारा, ओळखलं त्यांचं काय करायचं ते आधीच लिहून ठेवा, निकाल बघून नव्हे.

शहापूरची
आणि मराठी कुठली? पुण्याची वाचलीत तर मास्तर समजून गुण देतील. ‘खरं’ म्हणजे ‘पण’ म्हणणारी आमची मराठी कुठं गेली? तिसरा आवाज हवाच.

खानापूर_घाट
हे मान्य. मग तीन आवाजांचे क्रम सहा होतात. सहाही सारखे वाटायचे, नाहीतर पहिला ऐकलेला फायद्यात जातो.

टिळकवाडीकर
दारात ‘सीमाभागाचा सर्व्हे’ म्हणू नका, एवढं सांभाळा. माणूस मत द्यायचं सोडून बाजू घेतो. ऑर्न या मानसशास्त्रज्ञानं 1962 मध्ये हेच दाखवलं: प्रयोग कशासाठी आहे याचा अंदाज बांधून लोक त्याप्रमाणं वागतात. आणि कुलूप दिसलं की शेजारचं घर धरायचं नाही. वेळ बदलून तीनदा जायचं, नाहीतर दिवसा तंबाखूच्या वावरात असलेल्या बायका नमुन्यातून गळतात.

निपाणीवाला
बरं बाबा, ‘प्रयोग’ खोडून ‘तुलना’ लिहितो, ‘सिद्ध’ही काढतो. जेवण गोड लागेल ना आता? खरं 154 मला मान्य नाही. तो 0.1 तुम्ही हवेतनं काढलाय.

टिळकवाडीकर
होय, धरलेलाच आहे. शाळानिहाय गुणांची फाईल टाका, काढून देतो. 0.02 निघाला तर 1.58 नं भागायचं, 380 मुलं तुमची.