लांबच्या सागरी सफरीतला ॲमेझॉनचा टप्पा : मोठ्या जहाजातून जंगल कितपत दिसते?

पश्चिमवारा यांचा प्रश्न :

नमस्कार मंडळी,

मी आणि पत्नी दोघेही निवृत्त असून पुण्यात राहतो. फ्लोरिडाहून निघून कॅरिबियन बेटे, ॲमेझॉन आणि पुढे ब्राझीलच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे जाणाऱ्या सुमारे दोन महिन्यांच्या सफरीचे आरक्षण करण्याचा आमचा विचार आहे. जहाज फेब्रुवारीत ॲमेझॉनच्या मुखातून आत शिरते, नदीकाठच्या मनाउस या ब्राझीलमधल्या शहरापर्यंत जाते आणि त्याच वाटेने समुद्रात परतते. वाटेत सान्तारें, पारिन्तिन्स आणि बोका दा वालेरिया नावाचे एक खेडे असे थांबे असून मनाउसला एका रात्रीचा मुक्काम आहे. ही सफर निवडली ती केवळ या नदीसाठी, त्यामुळे थोडे नेमके विचारतो. हजारभर प्रवाशांच्या जहाजातून जंगल खरोखर पाहायला मिळते, की नुसतेच पाणी? बाल्कनीच्या केबिनसाठी बरीच जादा रक्कम पडते आहे. ती देण्यात अर्थ आहे का? आम्ही दोघेही पासष्टीच्या पुढचे आहोत, तेव्हा पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचे काय करावे? पत्नी शुद्ध शाकाहारी आहे आणि तिला जहाज लागते, हेही लक्षात घेऊन अनुभवी मंडळींनी सांगावे.

रेवदंडेकर यांचा प्रतिसाद :

आम्ही दोघांनी हा टप्पा फेब्रुवारीतच केला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. जहाजातून दिसते ती नदी. जंगल म्हणजे बराच वेळ क्षितिजावरची हिरवी रेघ, एवढे आधीच मनाशी पक्के केले तर निराशा होत नाही. मुखापाशी समोरचा काठ दिसेल अशी अपेक्षाच ठेवू नये. तिथले माराजो हे एकटे बेट गोव्याच्या दहापटीहून मोठे आहे. मुखापासून मनाउस सुमारे दीड हजार किलोमीटर आत आहे आणि या सगळ्या वाटेवर पाणी दुधाच्या चहासारखे गढूळ असते, कारण अँडीज पर्वतातला गाळ घेऊन ते इथवर आलेले असते. काठावर अखंड अरण्य असेल ही कल्पनाही सोडून द्यावी. खालच्या पट्ट्यात पुराच्या गाळाची सपाट जमीन आहे, तिथे गुरांची कुरणे आहेत आणि खांबांवर उभारलेली लाकडी घरे आहेत. प्रत्येक घराच्या पायरीला एक होडी बांधलेली असते आणि जहाज दिसले की पोरे ती घेऊन लाटांवर डोलायला येतात. मधूनच गवताची तरंगती बेटे वाहत येतात आणि त्यांवर बगळे निवांत उभे असतात. मला स्वतःला हे पाहण्यात कंटाळा आला नाही, पण आमच्या टेबलावरची काही मंडळी दुसऱ्या दिवसापासून पत्ते खेळायला बसली, हेही सांगितले पाहिजे.

ओबिदोस हे नदीकाठचे गाव मात्र कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये. सगळी नदी तिथे जेमतेम दोन किलोमीटर रुंदीत एकवटते, तिची खोली साठ मीटरच्या वर जाते आणि दोन्ही काठ एकदमच दिसतात. जहाज तिथून किती वाजता जाणार हे स्वागतकक्षात विचारून ठेवावे आणि रात्र नसेल तर डेकवर हजर राहावे.

सान्तारेंला तापाजोस नदीचे निळसर पाणी येऊन मिळते. जवळच्या आल्तेर दो शाँव या गावच्या वाळूच्या किनाऱ्याची फार ख्याती आहे, पण फेब्रुवारीत पाणी चढत असल्यामुळे त्यातली बरीच वाळू पाण्याखाली गेलेली असते; त्या सहलीवर खर्च करायचा की नाही ते यावरून ठरवावे.

खरे जंगल मनाउसला भेटते. शहराच्या कडेच्या राखीव वनात ‘मुसा’ हे वनसंग्रहालय असून तिथे ४२ मीटर उंचीचा मनोरा आहे. पायऱ्यांनी चढावे लागते आणि गुडघ्यांची परीक्षा होते, पण वर गेल्यावर झाडांचे शेंडे आपल्या खाली पसरलेले असतात, आणि जहाजातून इतके दिवस जी रेघ पाहिली ती आतून कशी आहे ते कळते. उन्हाआधी पोहोचावे. दुसऱ्या दिवशी छोट्या होडीने रिओ नेग्रोच्या बाजूच्या खाड्यांत जावे. काळी रिओ नेग्रो ही उपनदी आणि पिवळसर सोलिमोंएस (मनाउसच्या वरच्या ॲमेझॉनला तिथे हेच नाव आहे) यांचे पाणी कित्येक किलोमीटर शेजारून, न मिसळता वाहते; रिओ नेग्रोचे संथ व उबदार, सोलिमोंएसचे वेगवान व थंड. हे दृश्य जहाजाच्या डेकवरून उत्तम दिसते, कारण उंचीवरून सीमारेषा स्पष्ट होते. उरलेल्या वेळात रबराच्या भरभराटीच्या काळात बांधलेले आणि १८९६ मध्ये सुरू झालेले नाट्यगृह आतून पाहावे. माझे मत विचाराल तर बाल्कनीचे पैसे वाचवून मनोरा आणि होडी यांवर खर्च करावेत.

निशिगंध यांचा प्रतिसाद :

मी फिजिशियन आहे, म्हणून फक्त लशीपुरते लिहिते. पीतज्वराची लस जिवंत विषाणूची असते आणि साठीनंतर पहिल्यांदाच ती घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणाम, दुर्मीळ असले तरी, तरुणांपेक्षा अधिक आढळतात. म्हणून आपली सर्व औषधे आणि जुने आजार सांगून आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगावे. लस भारतात केवळ सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि तारखा लवकर भरतात. प्रमाणपत्र लशीनंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. पीतज्वराच्या प्रदेशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत, प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरणाऱ्या प्रवाशाला विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. आपली सफर ब्राझीलमध्येच संपून तिथून विमानाने परतायचे असेल, तर हा नियम थेट लागू होतो. हिवतापाच्या गोळ्या लागतील की नाही, हे आपण कोणत्या सहली घेणार यावर ठरेल, तेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.

इंजिनरूम यांचा प्रतिसाद :

मी मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेला अभियंता आहे. वहिनींना सांगा की नदीत शिरल्यावर जहाज लागत नाही, पाणी स्थिर असते. त्रास होईल तो कॅरिबियन सोडल्यापासून मुखापर्यंतच्या खुल्या समुद्रात, तेव्हा गोळ्या त्या पट्ट्यासाठी जवळ ठेवाव्यात आणि केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागी घ्यावी. हा बाल्कनीविरुद्धचा आणखी एक मुद्दा समजावा.

प्रवाशांना सहसा न सांगितली जाणारी एक गोष्ट म्हणजे गोड्या पाण्याचा प्रश्न. समुद्रात जहाज स्वतःचे पाणी तयार करते, पण ॲमेझॉनच्या गाळाने ती यंत्रे तुंबतात, म्हणून टाक्या आधी भरून घेतात आणि नदीत काटकसर चालते. धुलाईसेवा एक-दोन दिवस बंद राहिली तर आश्चर्य वाटू देऊ नये. कपडे मुखाआधीच धुऊन घ्यावेत. रात्री बाहेरचे दिवेही मंद ठेवतात, नाहीतर किड्यांचा लोंढा येतो. तरीही सकाळी डेकवर बोटभर लांबीचे भुंगे पडलेले असतात आणि खलाशी ते झाडूने लोटत असतात. वहिनींना भीती वाटत असेल तर साडेपाचला डेकवर आणू नये, पण पक्षी पाहायची वेळ तीच आहे.

नदीची पातळी मनाउसला वर्षभरात दहा मीटर आणि कधी त्याहूनही अधिक वरखाली होते, म्हणून तिथला धक्का तरंगता आहे. २०२३ आणि २०२४ च्या ऑक्टोबरात पाणी विक्रमी खाली गेले होते. फेब्रुवारीत ती चिंता नाही, कारण तेव्हा नदी चढत असते.

पश्चिमवारा :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाल्कनीचा विचार सोडला. पत्नीचे दोन प्रश्न राहिले आहेत : मनाउसच्या बाजारात तिने काय खावे, आणि बोका दा वालेरियाच्या छायाचित्रांत मुलांच्या कडेवर स्लॉथ (झाडांवर राहणारा अतिशय संथ प्राणी) दिसतात, तो प्रकार काय आहे?

सावनी_साओपावलो यांचा प्रतिसाद :

नोकरीनिमित्त ब्राझीलमध्ये राहते, त्यामुळे दोन्हींचे उत्तर देते.

मनाउसच्या न्याहारीत पावात तुकुमा या ताडफळाचे काप आणि भाजलेले चीज घालून देतात. हे शाकाहारी असते आणि चविष्टही. कसाव्याच्या पिठाची तव्यावरची टॅपिओका नारळ किंवा चीज घालून मिळते. आपला उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्याचीच ही मूळभूमी आहे. तकाका या गरम रश्श्यात मात्र सुकी कोळंबी असते आणि हॉटेलातल्या राजम्यासारख्या उसळीत बहुधा मांसाचे तुकडे असतात. नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. कोंबडी, मासे आणि कोळंबी यांची नावे वेगवेगळी घेऊन सांगावे.

बोका दा वालेरियाला जहाज नदीत नांगरून लहान बोटींनी काठावर नेतात. गाव अगदी लहान आहे आणि जहाज येते त्या दिवशी मुले पिसांचे मुकुट घालून, स्लॉथ किंवा पोपट धरून एक डॉलरला फोटो देतात. ब्राझीलच्या १९९८ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय वन्यप्राणी पाळणे गुन्हा आहे, आणि दिवसभर या हातातून त्या हातात जाणे त्या प्राण्याला सोसत नाही. पैसे द्यायचेच असतील तर होडीवाल्यांना द्यावेत. ते थोड्या रकमेत मागच्या तळ्यात फेरी मारून आणतात आणि झाडावरचा मोकळा स्लॉथ त्यांच्याच नजरेला आधी पडतो. भाव बसण्याआधी ठरवावा, सुटे डॉलर जवळ ठेवावेत आणि वहिनींसाठी जहाजावरचे लाइफ जॅकेट सोबत नेता येईल का ते विचारावे, कारण त्या होड्यांत ते असेलच असे नाही.