जॉन पास्टन जमीनदार होता की कोर्टात अडकलेला पक्षकार?

शिरोड्याच्या बाई

नमस्कार मंडळी. शाळेतून निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळतोय, त्यात सध्या पंधराव्या शतकातल्या इंग्लंडच्या पास्टन घराण्याची पत्रं हाताला लागली आहेत. नॉरफोक परगण्यातलं समुद्राकाठचं पास्टन गाव, तिथले हे लोक. पत्रं आणि कागद मिळून हजारावर. 1787 मध्ये जॉन फेन नावाच्या गृहस्थांनी ती पहिल्यांदा छापली. आम्ही मुलांना राजे आणि लढाया शिकवल्या. त्या काळात कर्ता माणूस घरी पत्र काय लिहायचा, ते शिकवलंच नाही.

पण वाचता वाचता गोंधळ उडतोय. जॉन पास्टन (1421 ते 1466) याच्याकडे बापाची जमीन होती, बायको मार्गारेट हीसुद्धा जमीन घेऊन आलेली एकुलती मुलगी. मग हा माणूस सगळा जन्म लंडनच्या कोर्टात का बसला होता? तीनदा फ्लीट तुरुंगात गेला, 44 व्या वर्षी लंडनमध्येच वारला. त्यात थोरल्या दोन्ही मुलांची नावं जॉनच, त्यामुळे कुठलं पत्र कुणाचं हे बघायला मला वहीत वंशावळ काढावी लागली.

आणि दुसरं. मार्गारेट मला आवडत होती, पण तिने पोटच्या मुलीला दार बंद केलं. हे वाचून दोन दिवस पुस्तक बाजूला ठेवलं. कुणी सांगेल का हे प्रकरण काय आहे?

निवृत्त तलाठी, राजापूर

बाई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर जॉनच्या आजोबापासून सुरू होतं.

आजोबा क्लेमंट पास्टन. 1419 साली वारला. विरोधकांनी नंतर लिहून ठेवलेलं एक टिपण आहे, त्यात याचं वर्णन येतं: शे-सव्वाशे एकर जमीन, एक छोटी पाणचक्की, स्वतः नांगर धरणारा माणूस. दळण घेऊन जाताना घोड्यावर खोगीर नसायचं, धान्याच्या पोत्यावरच बसून जायचा. बायको म्हणे बांधील कुळातली, म्हणजे जमीनमालकाच्या हुकमाखाली असलेली. टिपण बदनामीसाठीच लिहिलेलं आहे, तेव्हा शब्दन् शब्द खरा धरू नका. पण त्यातच अशीही नोंद आहे की या माणसाने कर्ज काढून मुलाला शिकवलं. ही नोंद मी तरी खरी मानतो, शत्रू असली गोष्ट कौतुक म्हणून रचत नाही.

तो मुलगा विल्यम. वकील झाला, 1429 मध्ये न्यायाधीश झाला आणि मिळालेल्या पैशातून गावोगाव जमिनी घेत सुटला. 1444 मध्ये वारला आणि हे सगळं जॉनच्या गळ्यात आलं. आता बघा, एका पिढीत उभी राहिलेली इस्टेट, आजूबाजूला पिढीजात सरदार, आणि तुमचा आजोबा नांगऱ्या. प्रत्येक खरेदीखतात कुणीतरी भोक शोधणारच. माझ्या नोकरीत मी हे इतकं पाहिलंय की नवा श्रीमंत झालेला खातेदार दारात आला की मी आधी हरकतीची फाईल काढून ठेवायचो.

ग्रेशॅमचं बघा. विल्यमने रीतसर विकत घेतलेलं गाव. 1448 मध्ये लॉर्ड मोलिन्स माणसं घेऊन आला आणि ताबा घेऊन बसला. जॉनच्या बाजूने कागद होता, पण मोलिन्सकडे हत्यारबंद माणसं होती आणि दरबारात वजन होतं. जमीन परत मिळायला 1451 उजाडलं.

आणि खरा घोळ फास्टॉल्फचा. सर जॉन फास्टॉल्फ, फ्रान्सच्या युद्धात पैसा कमावलेला, केस्टरला विटांचा नवा किल्ला बांधलेला, मूलबाळ नाही. जॉन पास्टन त्याची कायद्याची कामं बघायचा. 5 नोव्हेंबर 1459 ला म्हातारा गेला. जॉनने सांगितलं की मरण्याच्या दोन दिवस आधी त्यांनी तोंडी मृत्युपत्र केलं: नॉरफोक आणि सफोकमधली सगळी जमीन मला, मी 4000 मार्क (तेव्हाच्या हिशोबातलं नाणं) द्यायचे आणि किल्ल्यात सात धर्मगुरूंचा मठ उभा करायचा. तोंडी! लाभ ज्याला होणार, सांगणाराही तोच. मी असतो तर फेरफार धरायच्या आधी बाहेर जाऊन चहा पिऊन आलो असतो. बाकीचे मृत्युपत्राचे कारभारी अर्थातच उलटले. नॉरफोकच्या ड्यूकला किल्ला हवा होता, सफोकच्या ड्यूकला हेल्सडन आणि ड्रेटन ही गावं. पुढची सात वर्षं जॉनने लंडनला घालवली ती यासाठी. लंडन सोडलं असतं तर दावा एकतर्फी गेला असता.

गंमत बघा, तुम्ही बांधील कुळातले नाही, घरंदाज आहात, असं राजा चौथ्या एडवर्डने लिहून दिलं ते 1466 मध्येच. तेव्हा जॉन वारला होता.

चिवल्याची सूनबाई

तलाठी काकांनी कागद सांगितला, मी माणसं सांगते. माझे सासरे गिरणीत होते, मुंबईला. भाताची मळणी, गड्यांची मजुरी, आंब्याचा मक्ता, बांधाची भांडणं, सगळं सासूबाईंनी एकटीने केलं आणि पत्रातून कळवलं. पास्टन नवराबायकोचं अगदी हेच आहे, फक्त सासऱ्यांच्या जागी लंडन आणि बांधाच्या भांडणाला धनुष्यबाण.

मी थट्टा नाही करत. 1448 मध्ये ग्रेशॅमला मोलिन्सची माणसं दारं-खिडक्या भक्कम करून बसली होती, गोळीबारासाठी भोकं पाडत होती. मार्गारेट नवऱ्याला लिहिते: आपलं घर बुटकं आहे, त्यातून लांब धनुष्य मारता येणार नाही, तेव्हा यंत्राने ताणायची धनुष्यं पाठवा, ती ताणायची चक्रं पाठवा, बाण पाठवा, दोन-तीन आखूड परशू पाठवा. आणि त्याच पत्रात पुढे: एक पौंड बदाम, एक पौंड साखर आणि मुलांच्या कपड्यांसाठी कापड आणा, इथलं चांगलं नाही. हे एका दमात. दोन्ही वस्तू लंडनलाच मिळतात म्हणून एकाच यादीत, एवढंच. पुढे जानेवारी 1450 मध्ये तिला त्या घरातून हाकललं. ती ज्या खोलीत होती तिच्या भिंती खालून खणल्या आणि तिला उचलून बाहेर काढलं. जॉनच्या तक्रारीत हजार माणसं आली होती असं आहे. आकडा अर्जातला आहे, तेव्हा काका काय ते समजतील.

लग्न ठरलं तेही ऐकण्यासारखं आहे. 1440 मध्ये जॉनची आई ॲग्नेस नवऱ्याला कळवते की मुलामुलीची भेट झाली, मुलगी त्याच्याशी गोड वागली. लगेच पुढचं वाक्य झग्याचं: आपण झगा केला तर मुलीची आई त्याला फर देईल, रंग निळा नाहीतर लालभडक बघा. देणंघेणं पहिल्या भेटीतच!

आणि जॉन कोरडा होता असं सगळे म्हणतात. असेलही, पैशाच्या हिशोबापलीकडे त्याच्या पत्रांत फार काही नसतं. पण सप्टेंबर 1465 मध्ये फ्लीट तुरुंगातून त्याने बायकोला यमक जुळवून पत्र लिहिलं आहे. तुरुंगातल्या सोबत्यांचा नमस्कार कळवताना कुत्रा, मांजर आणि उंदराचाही नमस्कार कळवतो. मार्गारेट नुकतीच तिथे येऊन त्याला भेटून गेली होती. त्या एका पत्रासाठी मी त्याला बरंच माफ केलंय.

कुळाच्या बाजूने, गुहागर

मार्गारेटची आरती छान झाली. आता खालच्या माणसाचं बघू.

आमचे पणजोबा खोताचे कूळ होते. 1937 मध्ये बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं विधेयक मांडलं आणि कायदा आला 1949 मध्ये. त्यामुळे जमीनदाराच्या पत्रव्यवहारात मी आधी कूळ शोधतो. या पत्रांत ते सापडतं. मे 1465, ड्रेटन. जमीन कुणाची यावर पास्टन आणि सफोकच्या ड्यूकचं भांडण, दोघेही खंड मागतात. पास्टनच्या माणसांनी खंडापोटी 77 गुरं ओढून नेली. कुळं मार्गारेटकडे रडत आली. ती म्हणाली, खंड भरा किंवा हमी द्या, गुरं घेऊन जा. कुळं तयार झाली असती, पण ड्यूकच्या माणसाने बजावलं होतं की पास्टनला पैसे दिलेत तर जमिनीवरून हाकलून देईन. एकाच शेताचा खंड दोन मालकांना कसा द्यायचा? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ड्यूकच्या लोकांनी हेल्सडनचं घर पाडलं, गावातलं देऊळसुद्धा लुटलं. मार्गारेटने ते नवऱ्याला सविस्तर कळवलंय आणि तिचा संताप खरा आहे. कुळांच्या 77 गुरांबद्दल मात्र तिच्या पत्रात कामकाजाचा सूर आहे.

तिला वाईट म्हणत नाही. ती मालकीण होती, एवढंच.

दाभोलीचो भाटकार

ह्या सगळा वाचून माका एकच कळला, जमीन इली काय कोर्ट इलाच. बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाक कोण उत्तर देतलो? मुलगीचा काय झाला?

निवृत्त तलाठी, राजापूर

देतो. यासाठी सप्टेंबर 1469 समोर ठेवा, नाहीतर मार्गारेट अन्यायी वाटते.

जॉन जाऊन तीन वर्षं झालेली. थोरला सर जॉन लंडनला, दरबारात रमलेला. धाकटा जॉन मूठभर माणसं घेऊन केस्टरच्या किल्ल्यात, आणि बाहेर नॉरफोकच्या ड्यूकचा वेढा, ऑगस्टपासून. मार्गारेट नॉरिचला. ती थोरल्याला लिहिते की तुझ्या भावाचा जीव धोक्यात आहे, दारू संपत आली, बाण संपत आले, दोन माणसं मेली असं ऐकते. (तोफेची दारू हो.) थोरला उत्तर देतो, शनिवारी तर ती दोघं जिवंत आणि मजेत होती! त्यातला एक, डॉबनी, वेढ्यात मेलाच. महिनाअखेर किल्ला पडला.

या महिन्यातच मुलगी मार्जरीने सांगितलं की माझं रिचर्ड कॅलशी लग्न झालंय. कॅल कोण? घराण्याचा कारभारी. खंड वसूल करणारा, हिशेब ठेवणारा. फ्रॅमलिंगहॅमच्या दुकानदाराच्या घरातला. धाकट्या जॉनने आधीच लिहून टाकलं होतं की माझ्या बहिणीने फ्रॅमलिंगहॅमला मेणबत्त्या आणि मोहरी विकायला माझी संमती कधीच मिळणार नाही.

आता कायदा. चर्चच्या नियमाप्रमाणे दोघांनी एकमेकांना लग्नाचं वचन ठरलेल्या शब्दांत दिलं तर लग्न लागलं, भटजी नको, साक्षीदार नको. म्हणून नॉरिचच्या बिशपने मार्जरीला एकटीला बोलावून नेमके शब्द विचारले. तिने सांगितले, आणि वर म्हणाली, एवढ्याने पक्कं होत नसेल तर इथून निघण्याआधी आणखी पक्कं करते. कॅलला वेगळं विचारलं, जुळलं. बिशपचा नाइलाज झाला. मार्गारेटने त्याच दिवशी घरच्यांना निरोप दिला की तिला दारात उभं करायचं नाही. सर जॉनला लिहिताना मुलीला ती फार वाईट शब्द वापरते, इथे लिहीत नाही.

माझं मत: रागात जातीचा, म्हणजे त्यांच्याकडे दर्जाचा भाग मोठा होताच. आजोबाला नांगऱ्या म्हणून हिणवणारे टपलेले असताना जावई दुकानदार! पण तेवढंच नव्हतं. सगळा दप्तर ज्या माणसाच्या डोक्यात, तोच विरुद्ध बाजूला गेला तर उद्या साक्ष काय देईल, ही भीती असणारच. तसं झालं नाही. कॅल फिरला नाही, आणि पुढे कामाला घराण्याला तोच माणूस पुन्हा लागला.

शिरोड्याच्या बाई

सप्टेंबर 1469 ची सांगड मी घातलीच नव्हती, वेढा एका प्रकरणात आणि लग्न दुसऱ्या प्रकरणात वाचलं. मग आई आणि मुलगी पुन्हा भेटल्या का? केस्टर शेवटी कुणाला? आणि जॉनच्या दफनाचं काहीतरी खर्चिक प्रकरण होतं ना?

चिवल्याची सूनबाई

दफन मी सांगते! प्रेत लंडनहून नॉरफोकला आणलं, ब्रॉमहोमच्या मठात. जेवणावळी, बिअरची पिंपं, आणि मशाली इतक्या की चर्चमधला धूर बाहेर जावा म्हणून खिडकीच्या दोन काचा काढायला काचवाल्याला पैसे दिलेत. हिशोबात नोंद आहे. एवढं करून थडग्यावर दगड मात्र बसवला नाही. 1471 मध्ये मार्गारेट थोरल्याला लिहिते की तुझ्या बापाच्या दगडावरून गावात बोलणं होतंय, लाज वाटते. खर्च मेल्याच्या दिवशी, दगडाला पैसे नाहीत. ओळखीचं वाटतं की नाही?

मायलेकींची भेट झाल्याचं पत्र नाही. पण 1482 च्या मृत्युपत्रात मार्गारेटने मार्जरीच्या थोरल्या मुलाला 20 पौंड ठेवलेत. मार्जरी तोवर गेली होती. आणि स्वतःला कुठे पुरायचं सांगितलं माहीत आहे? नवऱ्याशेजारी नाही. मॉटबीला, माहेरच्या चर्चमध्ये, माहेरच्या पूर्वजांजवळ.

निवृत्त तलाठी, राजापूर

केस्टर पास्टनांनाच मिळालं. 1476 च्या जानेवारीत नॉरफोकचा ड्यूक अचानक वारला आणि किल्ला परत आला. फास्टॉल्फच्या त्या मठाचे पैसे ऑक्सफर्डच्या मॅग्डालेन कॉलेजकडे वळवून, मृत्युपत्राच्या कारभाऱ्यांतल्या बिशप वेनफ्लीटशी तडजोड 1470 मध्येच झाली होती. 1479 मध्ये ॲग्नेस आजी, ऑक्सफर्डहून शिकून आलेला मार्गारेटचा आणखी एक मुलगा वॉल्टर आणि सर जॉन, एका वर्षात तिघं गेली. सर जॉन प्लेगने, लंडनमध्ये, लग्न न करता. तिकडे तेव्हा थोरलाच सगळं घ्यायचा, त्यामुळे आता सगळं धाकट्या जॉनकडे यायला हवं होतं. पण सर जॉन गेल्याची बातमी येताच चुलता विल्यमने (बापाचा भाऊ, न्यायाधीश विल्यम वेगळा) ऑक्सनेड आणि मार्लिंगफर्डवर हक्क सांगितला, आजीची जमीन म्हणून.

दाभोलीचो भाटकार

चुलतो! मी वाटच बघी होतंय, अजून इलो कसो नाय म्हणान.