काळी वाळू: टायट्रेशन आणि एक्सआरएफ जुळत नाही, प्रत कशी ठरवायची?

पुळणकर: रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूवर प्रकल्प चालू आहे. पुळणीवरचा काळा पट्टा वरून खरवडून नमुना घेतला. साध्या चुंबकाला निम्म्याहून जास्त वाळू चिकटते. हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून डायक्रोमेटने टायट्रेशन केलं की लोह 36 टक्के येतं, त्याच पुडीचं एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर) 43. कुठला आकडा धरू? आणि हे चांगलं लोहखनिज म्हणायचं का?

परीक्षानळी: चंचुपात्राच्या तळाशी काळी कणी उरली असेल, ती बघा. मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं लोह ऑक्साइड) गरम आम्लात विरघळतं, इल्मेनाइट (लोह-टायटॅनियमचं ऑक्साइड) मात्र बरंचसं तसंच राहतं, आणि शुद्ध इल्मेनाइटमध्ये सुमारे 37 टक्के लोह असतं. ती कणी गाळून पोटॅशियम बायसल्फेटबरोबर मुशीत वितळवा, सौम्य आम्लात घ्या आणि पहिल्या द्रावणात मिसळून मग टायट्रेट करा. क्षपणासाठी जस्त वापरू नका, त्याने टायटॅनियमचंही क्षपण होतं आणि लोह फुगतं. स्टॅनस क्लोराइड थेंबाथेंबाने, पिवळा रंग जाईपर्यंत, वर फक्त एक-दोन थेंब. एक्सआरएफ नुसत्या दाबलेल्या वडीवर केलं असेल तर तोही आकडा पक्का नाही; बोरेटमध्ये वितळवून काचमणी करून घ्या. त्याआधी नमुना गोड्या पाण्याने धुऊन 105 अंशांवर वाळवलाय ना? मीठ आणि ओल दोन्ही वजनात येतात.

गिरमिट: आकड्यांच्या आधी नमुनाच चुकलाय. काळा पट्टा लाटांनी पाखडून ठेवलेला थर आहे, हलकी वाळू निघून गेलेली. त्यावरून साठ्याची प्रत काढणं म्हणजे सायीवरून दुधाचं फॅट सांगणं. ऑगरने (जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटाने) खाली जा, दर मीटरची पिशवी वेगळी ठेवा. पाण्याच्या पातळीखाली भोक ढासळतं आणि वरची जड कणी खालच्या नमुन्यात मिसळते, तिथे केसिंग (भोकाला आधार देणारा पाइप) हवंच. पिशवीतून ओतून वाटणी करू नका, जड कण तळाला बसतात. रिफल स्प्लिटर (नमुना समान वाटणारी खाचांची पेटी) घ्या.

झोतभट्टी: प्रतीसाठी मूळ वाळूतलं एकूण लोह फसवं असतं. किती माल चुंबकाने निघतो आणि त्या मालात काय आहे, हे बघा. चुंबकाला प्लॅस्टिक गुंडाळा, वाळूचा एकेरी थर पसरा, उचललेला माल सोडून पुन्हा उचला, असं तीनदा. नाहीतर गारगोटीचे कण अडकून येतात. नंतर डेव्हिस ट्यूब (पाण्यात चुंबकीय कण वेगळे करणारी प्रयोगशाळेतली नळी). समजा 1000 ग्रॅममधून 180 ग्रॅम चुंबकीय माल निघाला आणि त्यात 57 टक्के लोह आहे, तर हाती आलं 102.6 ग्रॅम. उरलेलं लोह इल्मेनाइट आणि ऑगाइटमध्ये (बेसॉल्टमधल्या काळ्या खनिजात) आहे, ते लोखंडाच्या हिशेबात धरू नका.

आणि चुंबकीय मालातलं टायटॅनियम आवर्जून तपासा. ते टायटॅनोमॅग्नेटाइटच्या स्फटिकातच बसलेलं असेल तर कितीही दळा, सुटत नाही. न्यूझीलंडच्या वाइकाटो नॉर्थ हेडच्या मालात सुमारे 8 टक्के टायटॅनियम डायऑक्साइड असतो. असा माल एकटा झोतभट्टीत घातला की मळी (वितळलेली अशुद्धी) घट्ट होऊन वाहत नाही. म्हणून तिथल्या ग्लेनब्रुकच्या पोलाद कारखान्यात आधी रोटरी भट्टीत कोळशाने क्षपण आणि मग विजेवर वितळवण, असा मार्ग धरला.

पुळणकर: ब्रोमोफॉर्ममध्ये (जड द्रवात) जे बुडेल ते सगळं जड खनिज धरलं तर?

गिरमिट: इथे नाही चालणार. बेसॉल्टमधल्या ऑगाइटची घनता 3.2च्या वर आणि ब्रोमोफॉर्मची 2.9च्या आत, म्हणजे तेही बुडणार. बुडालेला भाग चुंबकाने वेगळा करून सूक्ष्मदर्शकाखाली निदान 300 कण मोजा. आणि ब्रोमोफॉर्म विषारी आहे, धुरांड्याखालीच हाताळा.