मदत हवी आहे: २४० किलोवॉटचा चार्जर, पण ट्रक ११६च्या वर जात नाही

चाकण_यार्ड: यार्डात दोन गनांचा (गाडीला लावायच्या प्लगांचा) २४० किलोवॉटचा सीसीएस-२, म्हणजे फास्ट चार्जिंगच्या प्रमाणित सॉकेटचा चार्जर आहे. गाड्या ५५ टनी इलेक्ट्रिक ट्रॅक्टर, म्हणजे कंटेनरचा ट्रेलर ओढणारे ट्रक. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी २५८ युनिटची, पॅक व्होल्टेज ५८०च्या आसपास. फेरी न्हावा शेवा बंदर ते चाकण, कंटेनर धरून एकूण वजन ४० टन. दुसरी गन रिकामी ठेवली तरी एका गाडीला ११६ किलोवॉटच मिळतात, दुपारी तर ८०. चार्जरवाले गाडीकडे बोट दाखवतात, गाडीवाले चार्जरकडे. नक्की काय तपासून घेऊ?

अँपिअर: किलोवॉट सोडा, अँपिअर बघा. ११६ किलोवॉटला ५८० व्होल्टने भागलं की बरोबर २०० अँपिअर येतात. इतका गोल आकडा आला की संशय केबलवरच घ्यायचा. साध्या केबलच्या गनला बहुधा तेवढीच मर्यादा असते, आणि पाटीवरचे २४० ही दोन्ही गनांची बेरीज. खात्रीसाठी चार्जरचा लॉग काढायला लावा. त्यात गाडीने मागितलेला आणि चार्जरने दिलेला करंट असे दोन आकडे असतात. मागणी जास्त आणि दिले २००, तर केबल. मागणीच कमी, तर गाडीची बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी यंत्रणा.

घाटमाथा: दुपारचं दुखणं वेगळं आहे. तीच गाडी, तीच वेळ, आधी ए गन लावा, मग बी. एकाच गनवर करंट पडला तर त्या गनच्या डीसी पिना तापताहेत. पिना झिजल्या किंवा काळ्या पडल्या की आतला तापमान सेन्सर करंट उतरवतो. दोन्हींवर पडला तर चार्जरचे एअर फिल्टर काढून बघा, यार्डाच्या धुळीने ते लवकर तुंबतात. घाट चढून आलेल्या गाडीची मागणीच कमी दिसत असेल तर बॅटरीचा कूलंट आणि पंप तपासा.

चाकण_यार्ड: लॉग मिळाला. मागणी ३६०, दिले २००. दुपारी फक्त ए गनवर पडतो. मग द्रवाने थंड होणारी ५०० अँपिअरची केबल घ्यावी का?

अँपिअर: ए गन आधी बदलून घ्या, वॉरंटीत बसायला हवी. केबलचं मात्र हिशेब करून ठरवा. खोपोलीहून खंडाळा म्हणजे साधारण ५५० मीटर चढ. ४० टन नुसते वर न्यायलाच ६० युनिट, तोटा धरून ७०. बाकी १२० किलोमीटरला किलोमीटरमागे १.२ युनिट धरा. झाले २१० ते २१५. एवढे भरायला ११६ किलोवॉटने दोन तासांच्या आत-बाहेर. कंटेनर रिकामा व्हायला तेवढा वेळ जात असेल तर महागडी केबल कशाला? शिवाय ५०० अँपिअर लिहिलं तरी २४० किलोवॉटमधून ५८० व्होल्टला ४१३च निघतील, तेही दोन्ही बाजूंची मॉड्यूल (चार्जरच्या आतले वीज पुरवणारे भाग) एका गनला जोडता येत असतील तरच. गाडीला दोन सॉकेट असतील तर दोन्ही गन एकदम लावा, काम भागतं.

घाटमाथा: पूर्ण लोडला महावितरणकडून साधारण २६० केव्हीए ओढले जातील. ३१५चा ट्रान्सफॉर्मर असेल तर यार्डाचा बाकी लोड धरून बघा, कॉन्ट्रॅक्ट डिमांड (महावितरणशी ठरलेली कमाल मागणी) ओलांडली तर बिलात जादा दर लागतो. आणि बंदराकडे जाताना लोणावळ्यात १०० टक्के भरून घाट उतरू नका. रीजनला (उतारावर मोटरनेच वेग धरून बॅटरीत वीज परत भरायला) जागा उरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो.

चाकण_यार्ड: गाड्यांना दोन सॉकेट आहेत. केबल रद्द, ए गनची तक्रार टाकतो.