अंदमानातले चितळ हलवावेत का?

खडककोतवाल:
चितळ अंदमानचा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी शिकारीसाठी तो मुख्य भूमीवरून आणून सोडला. इथे ना वाघ, ना कोळसुंदा. मधल्या खाड्या तो पोहून पार करतो. जमिनीपासून हातभर उंचीची रोपं तो खुडून टाकतो, म्हणून कित्येक ठिकाणी वर मोठे वृक्ष आणि खाली नुसता पाचोळा असं जंगल दिसतं. झुडुपं गेली की त्यांवर राहणारे सरडेही घटतात, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. माझं मत: लहान बेटांपासून सुरुवात करून सगळे हलवावेत.

पाणमांजर:
हलवावेत म्हणणं सोपं आहे हो. चितळ म्हणजे भित्रा जीव. पाठलाग करून, जाळं टाकून धरला की स्नायू फुटायला लागतात, मूत्रपिंडं निकामी होतात आणि वरून धडधाकट दिसणारं जनावर दोन-चार दिवसांनी मरतं. त्यात बोटीचा प्रवास. एका खोक्यात टोकदार शिंगांचा नर आणि माद्या एकत्र भरल्यात तर पोटं फाटलेली जनावरं उतरवाल.

खडककोतवाल:
पाठलाग करायचाच नाही. बोमा पद्धत त्यासाठीच आहे. नरसाळ्यासारखं कुंपण, पलीकडचं न दिसणाऱ्या कापडाचं, आठ फुटांहून उंच. आधी काही आठवडे आत चारा आणि मीठ ठेवायचं, कळपाला त्याची सवय होऊ द्यायची. मग मागचे पडदे एकेक करून ओढत अरुंद तोंडाकडे, तिथून तिरक्या फळीवरून थेट खोक्यात. हात लावायचा नाही, आवाज करायचा नाही, काम पहाटे. नर वेगळे. आणि समुद्र खवळलेला असताना नाही, हे सगळं पावसाळा सोडूनच करायचं.

पाणमांजर:
पहिले ऐंशी टक्के येतील. उरलेले बोमा ओळखायला लागतात, त्यांचं काय? एक गाभण मादी मागे राहिली तरी काही वर्षांत पुन्हा कळप.

कलमकसाई:
इथे कायदा आडवा येतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 2022च्या दुरुस्तीत परकी आक्रमक प्रजाती म्हणजे *भारतातली मूळची नसलेली* अशी व्याख्या आहे. चितळ भारतीय, म्हणून अंदमानात परका असूनही कायद्याला परका नाही! याच कायद्याच्या कलम 12 खाली शास्त्रीय व्यवस्थापनाला परवानगी मिळते, पण त्यात स्थलांतर किंवा न मारता संख्या आटोक्यात ठेवणं एवढंच येतं. म्हणजे बोम्यात न येणाऱ्या शेवटच्या दहा-वीसांना गोळी घालण्याचा पर्याय सहजी मिळत नाही.

पाणमांजर:
तेच तर. शिवाय चितळच का? इंटरव्ह्यू बेटावर लाकूड कंपनी बंद पडल्यावर सोडून दिलेले हत्ती रानटी झाले, ते झाडांच्या साली सोलतात. आणि आपला पावसाळ्यात पिवळाधमक होणारा मोठा बेडूक मत्स्यबीजाबरोबर तिथे पोहोचलाय. त्याची पिल्लं स्थानिक बेडकांची पिल्लं खातात. हे थांबवायला मत्स्यबीज उतरवताना पांढऱ्या ट्रेत ओतून बघणं पुरेसं: शेपटीवाले गोल डोक्याचे जीव दिसले की वेगळे काढा. चितळांच्या खर्चाच्या मानाने हे फुकटच.

खडककोतवाल:
बेडकाचं मान्य, पण एकाने दुसरं टळत नाही. रॉस (आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) घ्या. तिथले चितळ पर्यटकांना सरावलेले, चाऱ्याला लगेच येतील.

कलमकसाई:
रॉसवर काम सोपं, फायदा कमी. भग्न इमारती आणि बागा, वाचवायचं मूळ जंगल फार नाही. सराव म्हणून ठीक.

पाणमांजर:
मग हलवण्याआधी निदान जंगल असलेल्या बेटावर 10 बाय 10 मीटरचे जोड तुकडे आखा, एकाला जाळीचं कुंपण, शेजारचा उघडा. दर पावसाळ्यानंतर दोन्हीकडची रोपं प्रजातीनुसार मोजा. कुंपणाच्या आतही रोपं उगवली नाहीत, तर दोष सावलीचा किंवा बियांचा, चितळाचा नाही.

खडककोतवाल:
चालेल. फक्त कुंपण उंच घ्या, बुटकं कुंपण चितळ उडी मारून ओलांडतो. आणि एकच जोड नको, किमान दहा. एका जोडीवर फांदी कोसळली की वर्षभराची मोजणी गेली.