डंजन मास्टर व्हायचे असेल, तर वेळ आणि पैसा किती लागतो?

निळाफासा:
गेल्या महिन्यात चार सहकाऱ्यांसोबत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा पात्रे घेऊन, फासे टाकत कथा पुढे नेण्याचा खेळ पहिल्यांदा खेळलो आणि खेळ मनापासून आवडला. पुढचा डाव मी डंजन मास्टर म्हणून, म्हणजे कथा सांगून आणि नियम सांभाळून, चालवावा असा सर्वांचा आग्रह आहे; परंतु नियमांच्या तीन मुख्य पुस्तकांची छापील किंमत प्रत्येकी ५० डॉलरच्या आसपास असल्याचे पाहून मी थबकलो. घरी दोन वर्षांची मुलगी असल्याने आठवड्याचे किती तास जातील, याचाही अंदाज हवा आहे.

जुनावझीर:
तिन्ही पुस्तके आत्ताच घेऊ नका. जानेवारी २०२३ मध्ये इतरांना खेळाचे नियम वापरू देणाऱ्या परवान्याच्या अटी बदलण्याच्या प्रयत्नावरून खेळाडूंनी मोठा गदारोळ केला, आणि त्या महिन्याच्या अखेरीस खेळाच्या प्रकाशक कंपनीने पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त वापराच्या परवान्याखाली खुला केला. त्यात प्रत्येक क्लासचा, म्हणजे योद्धा, जादूगार अशा पात्राच्या पेशाचा, एकच उपप्रकार आहे, ही त्यातली एक उणीव. नवशिक्या गटाला ती वर्षभर तरी जाणवणार नाही. पुस्तक हातात हवेच असेल, तर २०१४ चा स्टार्टर सेट कुठे जुना मिळतो का पाहा. वीस डॉलरच्या त्या डब्यात ३२ पानी नियमपुस्तिका, ६४ पानी साहसकथा, पाच तयार पात्रे आणि फासे होते. एक डबा पाच जणांना पुरतो.

रात्रपाळी:
पैशांचे गणित पटले, पण खरा खर्च तासांचा आहे, आणि तो सर्वांना सारखा येत नाही. खेळाडू चार तास खेळून घरी जातो. मी मात्र डंजन मास्टर म्हणून पहिल्या वर्षी तेवढेच तास तयारीत घालवत असे. एकदा तीन संध्याकाळी खपून एका किल्ल्याचा नकाशा काढला आणि मंडळी त्या किल्ल्याला वळसा घालून सरळ बंदराकडे निघून गेली! त्यानंतर मी फक्त पुढच्या डावात लागेल तेवढेच लिहू लागलो, दोन-तीन पात्रांची नावे, त्यांना काय हवे आहे आणि एक लढाई, आणि तयारी तासाभरात आटोपू लागली. लहान मूल असताना आठवड्याऐवजी पंधरवड्याने खेळावे.

रंगपेटी:
वरील दोघांनी टेबलावर पात्रांच्या जागी ठेवायच्या छोट्या मूर्तींचा विषय शिताफीने टाळला आहे. नियम फुकट मिळाले, फासे स्वस्त मिळाले, तरी एकदा मिनिएचर रंगवायला घेतली की ब्रश, प्रायमर आणि रंगांच्या बाटल्या थांबत नाहीत. माझ्या कपाटात न रंगवलेल्या मूर्तींचा एक अख्खा खण आहे. तो छंद वेगळा समजून त्याचा हिशेबही वेगळा ठेवावा. टेबलावर बुद्धिबळाच्या सोंगट्या आणि बाटल्यांची झाकणे उत्तम चालतात.

निळाफासा:
सर्वांचे आभार. खुले नियम उतरवून घेतले आहेत आणि फाशांचे दोन संच मागवले आहेत. डाव दर दुसऱ्या शनिवारी, मुलगी झोपल्यावर. सोंगट्या घरात आहेतच, त्यांतला एक उंट मात्र तिने कुठेतरी लपवला आहे.